छापील मजकूर वाचून दाखवणारा चष्मा: खेड्यात कोणी वापरतंय का?

आर्वीची मास्तरीण (धागा सुरू)

नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. विषय माझ्या धाकट्या भावाचा आहे, पण गावोगावच्या बऱ्याच घरांचा असणार, म्हणून इथे मांडते.

भावाला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. आधी रातांधळेपणा आला, मग कडेचं दिसणं कमी होत गेलं. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. शेती तोच पाहतो. बोंड हातात घेऊन वेचणी कधी लावायची ते सांगतो, बैलाच्या चालीवरून कोणता पाय दुखतोय ते ओळखतो. अडतं ते कागदापाशी. धर्मकाट्याची पावती, सोसायटीची नोटीस, बँकेचं पत्र, फवारणीच्या औषधासोबतचं घडीपत्रक. मी सासरी, वहिनीचं शिक्षण चौथीपर्यंत, पोरगा दिवसभर शाळेत. मग पावती चार हात फिरून येते तेव्हा कुठे त्याला आपल्याच कापसाचं वजन कळतं.

मागे जिल्ह्याच्या ठिकाणी दिव्यांगांचा मेळावा होता. तिथे चष्म्याच्या काडीला लावायचा कॅमेरा त्याने घालून पाहिला. बोटाएवढी डबी, चुंबकाने काडीला चिकटते. इंग्रजी पुस्तकाचं पान समोर धरून ओळीवर बोट ठेवलं की कानाजवळ ती ओळ ऐकू येते. त्याने खिशातून काट्याची पावती काढली. आकडे इंग्रजी होते, ते नीट वाचले गेले: ग्रॉस (भरल्या गाडीचं वजन), टेअर (रिकाम्या गाडीचं), नेट (निव्वळ मालाचं). भाऊ गप्प झाला. मग पावती सारखी करून पुन्हा धरली, पुन्हा तेच तीन आकडे ऐकले आणि मला म्हणाला, "ताई, आता तू सांगू नको. मले समजलं."

नंतर मराठी वर्तमानपत्र धरलं तर सगळा घोळ झाला. या रकान्यातली अर्धी ओळ, शेजारच्या रकान्यातली अर्धी. काय बातमी आहे ते आम्हा दोघांनाही कळेना. किंमत विचारली तर स्टॉलवरच्या माणसाने लाखांत सांगितली.

तर मला जाणून घ्यायचं आहे की मराठी नीट वाचणारं, अंगावर घालता येणारं काही आहे का, आणि आमच्यासारख्या घराला ते परवडेल का. कुणी प्रत्यक्ष वापरलं असेल तर सविस्तर लिहा.

समुद्रपूर ते नागपूर

ताई, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. अंध मित्रांसाठी या गोष्टी बऱ्याच हाताळून पाहिल्यात, म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

छापील अक्षर बोलून दाखवणारं पहिलं मोठं यंत्र अमेरिकेत रे कुर्झवाइल यांनी १९७६ साली लोकांसमोर आणलं. कागद काचेवर पालथा ठेवायचा, यंत्र अक्षरं ओळखणार आणि बोलणार. त्याच्याही आधी, १९७१ च्या सुमारास, ऑप्टाकॉन विक्रीला आलं होतं. स्टॅनफर्डच्या जॉन लिनव्हिल यांना ते सुचलं त्यांच्या अंध मुलीमुळे. एका हाताने छोटा कॅमेरा ओळीवरून फिरवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाखाली १४४ बारीक टोकं थरथरून अक्षराचा आकार उमटवणार. वाचन सावकाश व्हायचं, शिकायला मेहनत होती, पण लिपी कुठलीही चालायची, कारण ओळखण्याचं काम माणूसच करत होता.

आजच्या चष्म्यात कामं तीनच आहेत: फोटो काढणं, अक्षर ओळखणं, बोलणं. तुमच्या भावाने पाहिलं ते ऑरकॅमच्या मायआय जातीचं काहीतरी असावं. इस्रायलच्या त्या कंपनीचे संस्थापक अम्नोन शाशुआ आणि झिव्ह अविराम यांनीच आधी मोबाइलआय काढली होती, गाडीला रस्ता ओळखून देणाऱ्या कॅमेऱ्यांची. मायआयच्या दुसऱ्या आवृत्तीचं वजन २२.५ ग्रॅम, आणि वाचायला इंटरनेट लागत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात २०१४ च्या सुमारास फिंगररीडर नावाची बोटात घालायची कॅमेऱ्याची अंगठी केली होती. ओळीवरून बोट फिरवायचं, ते ओळ सोडून भरकटलं की अंगठी थरथरून सांगते. कल्पना फार सुंदर, पण राहिली प्रयोगशाळेत.

आता मराठीचं. देवनागरीत शिरोरेषेमुळे शब्दातली सगळी अक्षरं वरून जोडलेली. त्यात मात्रा वर, उकार खाली, रफार डोक्यावर, जोडाक्षरं वेगळीच. जुन्या पद्धतीत आधी शिरोरेषा पुसून अक्षरं सुटी करत. पण घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरकच मुळी त्या रेषेतल्या खंडाचा! रेषा पुसली की फरकही पुसला. आता नवी सॉफ्टवेअरं अख्खी ओळ एकदम वाचतात, त्यामुळे स्वच्छ छापलेली मराठी पुष्कळ बरी ओळखली जाते. टेसरॅक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, मूळ एचपी कंपनीत तयार झालेलं आणि २००५ साली सर्वांसाठी खुलं केलेलं. त्यातही मराठी आहे. अजून चुकतात ते आकडे. मराठी १ आणि इंग्रजी 9 दिसायला जवळचे, त्यामुळे दोन्ही लिप्यांचे आकडे एकाच कागदावर असले की जपून राहायचं.

रकान्यांचा घोळ हा वेगळा प्रश्न. अक्षरं बरोबर ओळखूनही कोणत्या क्रमाने वाचायची ते यंत्राला आधी ठरवावं लागतं. पेपरची घडी घालून एकच रकाना समोर धरा, लगेच फरक पडेल.

पुलगाव झेरॉक्स

ताई, मी स्वतः अंध आहे. वयाच्या विशीत दृष्टी गेली. एसटी स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, बायको आणि मी मिळून चालवतो. दिवसभर हातात कागदच कागद, त्यामुळे या विषयात मला सांगण्यासारखं बरंच आहे.

लाखांच्या चष्म्याकडे आत्ता जाऊ नका. आधी भावाच्या स्मार्टफोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय, चालू करा आणि बोलण्यासाठी गूगलचा मराठी आवाज निवडा. हे शेवटचं विसरू नका. बऱ्याच फोनवर हिंदी आवाज लावलेला असतो आणि तो मराठी मजकूर हिंदी वळणाने वाचतो. पंचवीसचं पच्चीस करतो, ळ नीट म्हणत नाही. नवा माणूस तिथेच वैतागतो आणि फोन ठेवून देतो.

मग गळ्यात अडकवायचा मोबाइल स्टँड घ्या, वाकणाऱ्या दांडीचा. पोट्टे व्हिडिओ काढायला वापरतात तोच. फोन छातीसमोर राहतो, कॅमेरा खाली टेबलाकडे, दोन्ही हात मोकळे. चष्म्यासाठी एवढा आटापिटा चालतो तो हात मोकळे राहावेत म्हणूनच ना. गूगल लेन्स या कॅमेऱ्यातून बघणाऱ्या अॅपमध्ये मराठी छापील मजकूर ओळखला जातो.

कागद धरण्याची रीत सांगतो, ती कुणी शिकवत नाही. टेबलावर काळं किंवा गडद कापड पसरा, म्हणजे पांढऱ्या कागदाच्या कडा कॅमेऱ्याला लवकर सापडतात. कागदाच्या खालच्या दोन कोपऱ्यांवर अंगठे ठेवून तो पोटाला समांतर करा. फोन आधी कागदाला टेकवा, बरोबर मधोमध, आणि तिथून सरळ वर उचला, साधारण वीतभर-दीड वीत. उजेड खिडकीचा, बाजूने येणारा. डोक्यावरच्या बल्बखाली आपलीच सावली कागदावर पडते, आणि ती आपल्याला कळत नाही. गुळगुळीत कागद चमकतो, तो थोडा तिरपा धरावा. आवाज अर्थ नसलेलं काही बोलायला लागला तर कागद उलटा आहे असं समजून फिरवा.

धर्मकाट्याच्या पावतीचं खास सांगतो. तो थर्मल कागद असतो. उन्हात, खिशातल्या घामात, गाडीच्या काचेजवळ राहिला की अक्षरं उडतात. पावती हातात पडली की तिथेच फोटो काढून ठेवायचा.

नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं मणी नावाचं अॅप आहे, जानेवारी २०२० मध्ये आलेलं. इंटरनेट नसताना चालतं. नोट खरी की खोटी ते मात्र सांगत नाही, फक्त किती रुपयांची ते सांगतं. नव्या नोटांच्या दोन्ही कडांना उठावदार रेघा आहेत, शंभरला चार आणि पाचशेला पाच. नोट जुनी झाली की त्या बोटाला लागत नाहीत, तेव्हा अॅप कामी येतं.

देऊळगावचा आजा

ताई, मी बुलडाण्याकडचा. माह्या बापाचे डोये काचबिंदूनं गेले. त्याले ज्ञानेश्वरी वाचाची लय हौस. आता मी रोज संध्याकाई वाचून दाखवतो. यंत्र आनलं त थे वाचन, हे खरं, पन बाप मधीच थांबवून "या ओवीचा अर्थ काय लागते तुले" असं इचारते, थे यंत्राले कसं इचारन? माह्या मतानं मानसानं मानसाले वाचून दाखवाव. जमत नसन त मंग यंत्र.

चांदूर बाजारकर

आजोबांशी सहमत. आमच्या भागात माधानच्या गुलाबराव महाराजांची आठवण काढल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जन्म १८८१ चा, अमरावतीजवळच्या लोणी टाकळीचा. तान्हेपणीच दृष्टी गेली आणि १९१५ साली, उण्यापुऱ्या चौतीस वर्षांत, देह ठेवला. एवढ्या आयुष्यात शंभराहून जास्त ग्रंथरचना. ते ग्रंथ दुसऱ्यांकडून वाचून घेत आणि सांगून लिहवून घेत. प्रज्ञाचक्षू उगाच म्हणत नाहीत. त्यांच्याभोवती वाचून दाखवणारी माणसं होती. आज घरोघरी मोबाइल आहे, पण आंधळ्या म्हाताऱ्याजवळ बसून दोन पानं वाचायला कुणी नाही. यंत्र आलं की उरलेसुरलेही उठून जातील, ही माझी खरी भीती आहे.

पुलगाव झेरॉक्स

काका, गुलाबराव महाराजांबद्दल मलाही तेवढाच आदर आहे. आजोबा बापाला ज्ञानेश्वरी वाचून दाखवतात, त्यांना माझा नमस्कार. ते कधी थांबू नये.

पण काका, सगळे कागद ज्ञानेश्वरी नसतात. एका बँकेत मी पासबुक भरून घेतलं आणि शिल्लक विचारली, तर खिडकीतल्या माणसाने रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. गावात पोचायच्या आधी ती रक्कम गावात पोचली होती. कर्जाची नोटीस शेजाऱ्याने वाचून दिली तर ती शेजाऱ्याचीही होते. बायकोचा तपासणीचा रिपोर्ट मी कुणाकडे नेऊ? एखाद्याने मुद्दाम चूक वाचलं, एखादी ओळ गाळली, तर मला कसं कळणार? अंगठा उठवताना, सही करताना वर काय लिहिलंय ते मला माझ्या कानांनी ऐकायचं आहे, दुसऱ्याच्या तोंडून नाही. यात माणसांवर अविश्वास नाही. डोळस माणूस आपली पत्रं दुसऱ्याकडून वाचून घेतो का?

म्हणून ताईंच्या भावाचं "आता तू सांगू नको" मला आरपार भिडलं.

चांदूर बाजारकर

दादा, रिपोर्टचं आणि नोटिशीचं म्हणणं पूर्ण मान्य. या बाजूने मी विचार केला नव्हता. पोथी माणसाने वाचावी आणि नोटीस ज्याची त्याने, असं म्हणतो.

बिंदूलिपी

मी जन्मांध. अमरावतीत ब्रेलवर शिकलो, आता मुलांना ब्रेल शिकवतो. चर्चा चांगली चालली आहे, पण एक धोका सांगायलाच हवा. बोलणारी यंत्रं आली की पालक म्हणतात, आता ब्रेल कशाला? कानाने ऐकून शुद्धलेखन येत नाही. पहिला की दुसरा उकार, कुठे परिच्छेद तुटला, कुठे स्वल्पविराम, हे बोटाखालीच कळतं. जी मुलं फक्त ऐकून शिकतात ती छान बोलतात, पण लिहायची वेळ आली की शब्दच मोडतात. भारती ब्रेल १९५१ पासून आहे आणि सगळ्या भारतीय भाषांत एका ध्वनीला एकच खूण, त्यामुळे मराठी शिकलेलं मूल हिंदीही वाचतं. गणित तर नुसत्या कानाने अशक्य आहे.

ताईंच्या भावाची गोष्ट वेगळी. त्यांच्या डोक्यात छापील अक्षर आहे, वय झालं आहे, शेतात काम करून बोटं राठ झाली असतील. त्यांनी ब्रेलमध्ये पुस्तकं वाचावीत असा हट्ट मी धरणार नाही. पण मुळाक्षरं आणि आकडे शिकले तरी औषधाच्या बाटल्यांना, डब्यांना, फायलींना ते स्वतः चिठ्ठ्या लावू शकतील. चिठ्ठीला चार्जिंग लागत नाही.

आणि पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय बघा. २०१६ साली सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे, छापील वाचता न येणाऱ्यांसाठी. पुस्तकं अशा रूपात करायला आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने मोकळीक दिली आणि अशा पुस्तकांसाठीचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार मंजूर करणारा पहिला देश भारतच, २०१४ मध्ये. अख्खं पुस्तक पान-पान कॅमेऱ्यासमोर धरण्यापेक्षा आधी तिथे शोधावं.

कृषी केंद्र, घाटंजी

फवारणीच्या औषधाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. हा माझा धंदा आहे आणि काळजीचाही विषय आहे. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून किती शेतकरी-शेतमजूर गेले ते सगळ्यांनी पाहिलं. डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. डोळस पण निरक्षर माणसाला निदान रंग दिसतो. अंध माणसाला तोही नाही. आणि आतलं घडीपत्रक इतक्या बारीक अक्षरात की चष्मेवालेही कंटाळतात.

ताई, बाटलीवरचं कॅमेऱ्याने वाचायचा भरवसा धरू नका. गोल आणि चकचकीत असते, ओळ वाकते, कडेची अक्षरं जातात. आतलं घडीपत्रक सपाट करून वाचा, त्यात मराठी मजकूरही सापडेल. प्रमाण किती, हे यंत्राने सांगितलं तरी दुकानदाराकडून तोंडी पक्कं करून घ्या आणि फोनमध्ये रेकॉर्ड करा. माझ्याकडे येणाऱ्या दोन अंध शेतकऱ्यांसाठी मी प्रमाण आणि त्रिकोणाचा रंग बोलून देतो, ते रेकॉर्ड करून नेतात. प्रत्येक दुकानदार हे करू शकतो, पैसा लागत नाही.

सावंगीची सिस्टर

एक कळकळीची विनंती. यंत्राचं बघायच्या आधी प्रत्येकाने नेत्रतज्ज्ञाकडे नीट तपासणी करून घ्या. खेड्यात "वय झालं, डोळे गेले" म्हणून घरात बसलेल्या कितीतरी आजी-आजोबांना फक्त मोतीबिंदू असतो, आणि तो ऑपरेशनने बरा होतो. आजोबा, तुमच्या वडिलांचा काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही हे खरं, पण तुमची आणि तुमच्या भावंडांची तपासणी झाली का? काचबिंदू घराण्यात येऊ शकतो आणि सुरुवातीला कळत नाही. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात नेत्रविभाग आहे, जवळच्यांनी तिथे जावं. ज्यांना थोडं दिसतं त्यांना कधी कधी चांगलं भिंग आणि टेबललॅम्पही पुरतो.

देऊळगावचा आजा

नाई झाली तपासनी. या हप्त्यात जातो. भावालेही नेतो. लय बरं सांगतलं बाई.

धारणीवाला

आमच्याकडे मेळघाटात नेटवर्कच धड नसतं. इंटरनेटशिवाय चालणार नाही ते आमच्या कामाचं नाही. चष्मा असो की अॅप, आधी फोन विमान मोडवर टाकून मराठी कागद वाचतो का ते बघा. विकणारे हे आपणहून दाखवत नाहीत.

समुद्रपूर ते नागपूर

धारणीवाले दादा, अगदी बरोबर. तुमच्या परीक्षेला माझ्याकडून आणखी एक जोडतो.

आता नवी एआय मॉडेल वापरणारी अॅप आणि चष्मे आले आहेत. ती फार सुरेख बोलतात, हस्ताक्षरही बऱ्यापैकी लावतात, आणि "फक्त शेवटची तारीख कधी ते सांग" म्हटलं तर तेवढंच सांगतात. पण जे नीट दिसत नाही ते कधी कधी अंदाजाने भरतात, आणि अंदाज असल्याचं सांगत नाहीत. जुनं सॉफ्टवेअर चुकलं की निरर्थक बडबड करतं, म्हणजे चूक कानाला कळते. नवं चुकलं तरी वाक्य शुद्ध असतं. म्हणून घेण्याआधी कागदाचा अर्धा भाग हाताने झाका आणि वाचायला लावा. "पुढचं दिसत नाही" म्हणालं तर ठीक. झाकलेलंही वाचून दाखवलं तर औषधाचं प्रमाण आणि पैशाचे आकडे त्याच्यावर सोडू नका.

दुसरं, दुरुस्तीचं विचारा. एन्व्हिजन कंपनीचे वाचून दाखवणारे चष्मे गूगल ग्लासवर, म्हणजे गूगलच्या कॅमेरावाल्या चष्म्यावर, चालायचे. कंपनी नेदरलँड्सची, संस्थापक आपलेच, कार्तिक महादेवन आणि कार्तिक कन्नन. सॉफ्टवेअर उत्तम. पण गूगलने मार्च २०२३ मध्ये ग्लासची विक्रीच थांबवली. यंत्र एकाचं आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याचं असलं की हे होऊ शकतं. बंगळुरूच्या एसएचजी टेक्नॉलॉजीजचे स्मार्ट व्हिजन ग्लासेस हे भारतातले, परदेशी चष्म्यांपेक्षा बरेच स्वस्त आणि भारतीय भाषा डोळ्यासमोर ठेवून केलेले. ते फोनशी जोडून चालतात. ताईंच्या भावाने आधी हे घालून पाहावेत असं मला वाटतं.

आणखी एक, शाळेच्या ताईंना उपयोगी पडेल असं. कार्यालयांतून येणाऱ्या बऱ्याच पीडीएफ कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. स्क्रीन रीडरला, म्हणजे टॉकबॅकसारख्या पडदा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्या कचरा वाटतात. पण त्याच पीडीएफची प्रिंट काढून कॅमेऱ्याने वाचली तर नीट वाचली जाते, कारण कॅमेऱ्याला फक्त अक्षराचा आकार दिसतो. युनिकोडमध्ये पाठवा म्हणून अर्ज करत राहावेच, तोवर ही वाट.

ग्रामसेवक, कारंजा

पैशाचं लिहितो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी तो निधी सारखा वाटून टाकतात, प्रत्येकाच्या हातात थोडे थोडे रुपये पडतात आणि कामाचं काहीच येत नाही. ग्रामसभेत लेखी अर्ज द्या, वस्तूचं नाव, कोटेशन आणि यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) प्रत जोडून. फोन, गळ्यातला स्टँड आणि हेडफोन एवढं मागणं मंजूर व्हायला अवघड नाही. मोठ्या उपकरणासाठी दिव्यांगांना साहित्य देणारी केंद्राची एडिप योजना आहे, कानपूरची एलिम्को ही सरकारी कंपनी त्यातून साहित्य देते. शिबिर कधी आहे ते जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात कळेल. शिबिरात जे येतं ते गुपचूप घेऊन येऊ नका, आपल्याला काय हवं ते लिहून द्या. मागणीच नोंदली नाही तर वाचणारी उपकरणं यादीत कधी येणार?

आर्वीची मास्तरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

फोनवर मराठी आवाज लावला, गळ्यातला स्टँड आर्वीच्याच मोबाइल दुकानात मिळाला. पुलगावच्या दादांनी सांगितलं तसं काळं कापड, खिडकीचा उजेड. भावाने सोसायटीची नोटीस पहिल्यांदा एकट्याने ऐकली. तिच्यातली व्याजसवलतीची मुदत आतापर्यंत कुणीच त्याला वाचून दाखवली नव्हती, सगळ्यांनी थकबाकीचा आकडा तेवढा सांगितला होता. मी वाचून दाखवायची तेव्हा मीसुद्धा मला महत्त्वाचं वाटेल तेच सांगत असे, घाईत सगळेच तसं करतात. आता काय महत्त्वाचं ते तो ठरवतो.

जे जमत नाही तेही लिहिते. तलाठ्याने हाताने लिहिलेला जुना फेरफार अजिबात वाचला जात नाही. संगणकावरचा सातबारा वाचला जातो, पण चौकटींचा तक्ता असल्यामुळे गट क्रमांक एकीकडे आणि क्षेत्र भलतीकडे ऐकू येतं. त्यावर पोराने युक्ती काढली. जाड पुठ्ठ्याला एका रकान्याएवढी खिडकी कापली. पुठ्ठा सातबाऱ्यावर सरकवत नेला की एका वेळी एकच रकाना कॅमेऱ्यासमोर येतो. भाऊ कापलेल्या कडेला बोट लावून पुठ्ठा सरळ ठेवतो. पेपरलाही तोच वापरतो.

उन्हात, बांधावर, मात्र फोन उपयोगाचा नाही. तापतो, वाकलं की लोंबतो, हात मातीचे. तिथे चष्माच हवा हे आता कळलं. तेव्हा बंगळुरूच्या चष्म्याचं प्रात्यक्षिक नागपूरला बघायचं ठरवलं आहे. विकणारा दाखवेल त्या पुस्तकावर नाही, आमच्या कागदांवर परीक्षा घेणार: काट्याची पावती, सातबारा, फवारणीचं घडीपत्रक, बँकेचं पत्र, पेपरचं पान. सगळं विमान मोडवर, आणि अर्धं झाकूनही. ग्रामसभेचा अर्ज लिहून झाला आहे, तो भावाने स्वतः ऐकून मग सही केली. शिवाय पोराला आणि त्याला दोघांनाही ब्रेलचे आकडे शिकायचे आहेत, बिंदूलिपी सर, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

बिंदूलिपी

व्यनि मिळाला ताई. ब्रेलची पाटी आणि स्टायलस (ठिपके टोचायची टोचणी) पाठवतो. रविवारी फोनवर सुरुवात करू, पोरगाही सोबत बसू द्या.

पुलगाव झेरॉक्स

ताई, पुठ्ठ्याची युक्ती फार कामाची. माझ्या दुकानात आजच करतो, तक्त्याचे कागद खूप येतात.

नागपूरला जाताना लाईट बिलही न्या, मागची-पुढची दोन्ही बाजू. बारीक अक्षर, रंगीत पट्टे, तक्ते, मराठी-इंग्रजी एकत्र, सगळ्या अडचणी एकाच कागदावर आहेत. आणि चष्मा भावालाच घालू द्या, त्यालाच प्रश्न विचारू द्या. तुम्ही आणि विकणारा बोलत बसलात तर त्याला बोलायला मिळणार नाही. बॅटरी किती वेळ चालते ते तिथेच बसून बघा, आणि बिघडला तर दुरुस्तीला कुठे पाठवायचा ते लेखी घ्या. निकाल इथेच कळवा, माझ्यासारखे बरेच जण वाट पाहून आहेत.